निताई, पाय धुवूनच आत जातो

निताई, तुझ्या बरजच्या, पानमळ्याच्या, दारातला पाण्याचा ड्रम मी आज सकाळी परत भरला. काल भरलेला गावच्या मालकाची म्हैस येऊन अर्धा पिऊन गेली. तू असता तर म्हशीलाही म्हणाला असता, आधी पाय धू.

तू गेल्यापासून रोज भरतो. तुझी बायको, जिला तुमच्या लोकांचं ऐकून ऐकून मीही बौदीच म्हणतो, म्हणजे वहिनी, ती ओट्यावर बसून पाहते. म्हणते, "अब कौन आता है, डोमादा? कायले भरता?" मी दुसरी बादली ओततो. मग घरी जातो तर माझी बायको म्हणते, "मेलेल्या मानसासंग कायले बोलून राह्यता? गाव हासते." मी म्हणतो, जिता होता तवा तरी तो कुठं आयकत होता? आता निदान मधात बोलत नाही.

मी तिसरी शिकलेला माणूस. सही करतो, पेपरही वाचतो, ओळीखाली बोट ठेवून. एवढं लांब कधी लिहिलं नाही. पण तुला तोंडानं सांगायचं एक राहून गेलं, म्हणून लिहून राहिलो. ते शेवटी सांगीन. आधी भांडण सांगतो, कारण आपलं भांडणानंच सुरू झालं.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या साली तू बंगालला मामाच्या घरी गेला होता. लोक तिकडून येताना मिठाई आणतात. तू ओल्या गमछात गुंडाळलेल्या पानवेलीच्या काड्या आणल्या. हावड्याहून गोंदियापर्यंत आन गोंदियाहून इकडं, गाडी थांबली की उतरायचं, नळावर गमछा भिजवायचा, पळत येऊन डबा पकडायचा. एका स्टेशनवर गाडी सुटली आन तू मागच्या डब्याला लटकून आला, हे बौदीनं सांगितलं. तिनं घरी पिशवी उघडली आन म्हणाली, एवढ्या दूर जाऊन काड्या आणल्या? आपल्या जंगलात काड्या नव्हत्या?

सरकारनं तुम्हा बंगाली निर्वासितांना दिलेल्या जमिनीतलं तुझं शेत माझ्या शेताच्या वरच्या अंगाला. मधात एकच धुरा, एक पाय तुझ्याकडं आन एक माझ्याकडं टाकून बिडी ओढत बसता येईल एवढा. तिथल्या उंच जागेवर तू बांबू, तुरीच्या तुऱ्हाट्या आन धानाचं तणस लावून एक घर उभं केलं. भिंती आहेत, छप्पर आहे, माणूस मात्र राहत नाही. गावात कोणी म्हणे बंगाल्यानं दारूची भट्टी लावली, कोणी म्हणे कोंबड्या आणणार. पानमळा असा असतो हे आमच्यात कोणी पाहिलंच नव्हतं. पान म्हणजे बाजारात ओल्या फडक्याखाली टोपलीत असते तेवढंच आम्हाला माहीत. तू त्याला बरज म्हणत होता, मग गावानंही बरजच म्हटलं.

आपली हवा त्या वेलीची नाहीच. हे मी तुला तेव्हाही म्हटलं आन आताही म्हणतो. आपल्याकडं पाऊस लागला की चार चार दिवस सूर्य दिसत नाही. धान खुश असते, पण पानवेलीचं मूळ सडते. पोष लागला की तलावावरून असा गारठा सुटते की सकाळी पान काळं होऊन लोंबते. धानाला पाणी साचलेलं पाहिजे, तुझ्या वेलीला साचलेलं पाणी म्हणजे जहर. अशी वेल धानाच्या मुलखात लावायची म्हणजे मासोळी झाडावर पाळल्यासारखं.

तर तू काय केलं? भर पावसात धुऱ्याला खाच पाडली आन बरजचं सगळं पाणी माझ्या धानाच्या बांधीत सोडून दिलं. माझा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, कालचाच. जाऊन पाहतो तर पोटच्या पोरासारखे लावलेले पऱ्हे मुळासकट तरंगून राहिले. आपल्या झाडीपट्टीत पाण्यावरून डोकी फुटतात, पण कोणी पाणी घेतलं म्हणून. पाणी दिलं म्हणून फावडा घेऊन निघालेला मीच पहिला असेन.

गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर घोंगडं, तोंडात शिवी तयार. तू बरजच्या दारातून बाहेर आला, उघडा, भिजलेला, कमरेला गमछा. माझ्या तोंडाकडं तू पाहिलंच नाही. पायाकडं पाहिलं.

"ए दादा! अंदर नहीं. पहले पैर धोओ."

शिवी घशातच राहिली. आमच्यातल्या, माझ्या वयाच्या माणसाला "आत नाही" ह्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. आम्ही ते देवळाच्या दारात ऐकलं, विहिरीच्या काठावर ऐकलं. दीक्षा घेऊन इतकी वर्षं झाली तरी कानात आहे. मी म्हटलं, "तू कोन रे मले धुवाले सांगनारा? काल आला, सरकारनं जमीन देल्ली, आन आज आमालेच शिवाशिव शिकवतं?" तुला त्यातलं अर्धंही कळलं नसेल. तू परत तेच, "धोओ ना, दादा. ड्रम है."

मी तुझ्या ड्रमला लाथ मारली. ड्रम हलला नाही, माझा अंगठा फुटला. शिवी द्यायला आलो होतो तो लंगडत घरी गेलो.

धान निसवलं, पिकलं, कापलं, चुरलं. तेवढे महिने मी तुझ्याकडं पाठ करून काम केलं. तू धुऱ्यावरून "दादा, दादा" करायचा, मी बैलांशी बोलायचो. खाच मात्र तू बुजवली होती. पाणी दुसऱ्या अंगानं, लांबून, नाल्यात काढलं होतं. ते मी पाहिलं होतं, पण पाहिलं असं दाखवलं नाही.

मग एक दिवस मालक आला. मालगुजाराचा नातू, जमीन गेली तरी गाव अजून त्याला मालकच म्हणते. त्याचे बूट दुरून ओळखू येतात. त्याला तुझं पानाचं घर पाहायचं होतं. मी धुऱ्याखाली गवत कापत बसलो होतो, मला सगळं दिसून राहिलं होतं. मनात म्हटलं, आता पाहू, ह्याला कसा अडवते.

तू दारात आडवा. "मालिक, जूता बाहर. पैर धोके."

मालक हसला. त्याला गंमत वाटली. तू हसला नाही. शेवटी मालकानं एका हातानं बरजचा बांबू धरला, एका पायावर उभा राहिला आन बूट काढला, मग मोजा काढायला गेला तर तोल गेला. दुसरा पाय बुटासकट खातेऱ्यात. तू लोट्यानं पाणी ओतून राहिला आन वरून शिकवून राहिला, "बोटाच्या मधात भी, मालिक. मधात भी. वहीं पे रहता है."

मी गवतात तोंड खुपसून हसलो. ज्या घराण्याच्या अंगणात माझा बाप चप्पल हातात घेऊन चालला, त्या घराण्याचा पाय एक फाटक्या गमछाचा बंगाली धुवायला लावून राहिला होता. आन कशासाठी? चिखलासाठी. धानाच्या चिखलातून रोग येतो आन वेलीच्या बुडाला लागतो, एवढंच. तुझ्या दारात जात नव्हतीच, निताई. चिखल होता.

दुसऱ्या दिवशी मी आलो. पण तू सांगायच्या आधी पाय धुतलेले पाहिजेत, म्हणून घरूनच दगडानं घासून आलो. दारात उभा राहिलो. तू खाली पाहिलं.

"कहाँ से आया?"

"घरून."

"धुऱ्यावरून?"

"मंग का उडून येऊ?"

"फिर धोओ."

धुतले. कोणाच्या सांगण्यावरून मी जन्मात एवढेच पाय धुतले.

आत गेलो. बाहेर दुपार होती, आत हिरवी संध्याकाळ. तणसातून ऊन गाळून पडत होतं. मातीला ओल, पण पाणी कुठंच साचलेलं नाही. वेली ओळीनं उभ्या, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरींसारख्या, आन तू त्यांच्या मधातून अंग चोरून चालत होता. बोलतही हळू होता. मी विचारलं, "हळू कायले बोलतं?" तू म्हणाला, "उसका घर है."

त्या दिवशी बाहेर आल्यावर बौदीनं पितळेची ताटली आणली. तू पान पुसलं, चुना लावला, सुपारी ठेवली, घडी घातली. मग दोन्ही हातात धरून माझ्यापुढं केलं. "एक पान, डोमादा."

"मी खात नाई."

"दात नाही?"

"दात हायेत."

"तो?"

"खात नाई म्हनलं ना."

"ठीक है," म्हणून तू ताटलीत परत ठेवलं. ते पहिलं. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आलो, तू तेव्हा तेव्हा पुढं केलं. आधी हिंदीत, मग अर्ध्या मराठीत, मग तर तू आमच्यापेक्षा आमचा होऊन म्हणायला लागला, "काऊन नाही खात बाप्पा?" तू बडीशेप घालून पाहिली. चुना कमी करून पाहिला. एकदा गूळ घातला. एकदा मला कळू न देता माझ्या बंडीच्या खिशात टाकलं, मी अर्ध्या वाटेवरून ते परत आणून दिलं. तू म्हणाला, "बहुत ईमानदार आदमी है, साला."

माझ्या वाटचं पान माझी बायको खायची. "ह्यायचं मीच खाते, भाऊ. ह्यायच्या नशिबात बिडीच हाय." आन लाल ओठ करून घरापर्यंत मला दाखवत यायची.

आपला वादही तोच, वर्षानुवर्षं. तू म्हणायचा, बिना पान की शादी, शादी नहीं. मी म्हणायचो, आमच्यात होते ना. पांढरे कपडे, दोन हार, वंदना, झालं. आम्ही पिंपळाखाली बसतो, म्हणून का त्याचं पान चावतो? तू म्हणाला, "तो मेरे भी झाड के नीचे बैठो. चबाओ मत. बैठो." म्हणून मी बसत राहिलो. हा वाद कोणी जिंकला ते ठरायचंच राहिलं.

तुझी पोरगी शिबानी वयात आली तेव्हा मला कळलं, तू हा सगळा खटाटोप कायले करून राहिला. तुमच्यात नवरीला पाटावर बसवून उचलून आणतात आन नवऱ्याभोवती फिरवतात. तेवढा वेळ तिनं दोन्ही हातांनी पानवेलीची पानं तोंडासमोर धरलेली असतात. मग ती पानं खाली करते आन दोघं एकमेकाला पहिल्यांदा पाहतात. तुझं लग्न निर्वासितांच्या छावणीत झालं होतं, छत्तीसगडच्या जंगलात, तंबूत. तिथं पानवेल कुठून येणार? तुझ्या सासूनं पळसाची पानं तोडून पोरीच्या हातात दिली.

बौदी हे सांगताना हसून हसून लोटपोट व्हायची. "पळस का पान इतना बडा, डोमादा! मेरा मुंह, गला, सब ढक गया. ये समझा, लडकी बदल दिया."

ती हसायची, मी हसायचो, तू नाही हसायचा. म्हणाला, "पळस का पत्ता थाली के लिए होता है. मेरी बेटी थाली नहीं है."

मी म्हटलं, गोंदियाच्या बाजारात पान भेटते, दोन घेऊन ये. तू माझ्याकडं असा पाहिला जसा मी तुला बाजारातून माय आणायला सांगितली.

लग्न माघात ठरलं आन त्या पोषात गारठा असा पडला की तलावावर धुकं दुपारपर्यंत हलायचं नाही. एका सकाळी तू मला हाक मारली नाही. मी आपणच आलो. वाऱ्याकडच्या ओळी काळ्या पडल्या होत्या, पानं उकडल्यासारखी. तू खाली बसून एकेक पान उलटून चांगलं शोधत होता, आन चांगलं सापडलं की त्याच्यावर हात धरत होता, जसा हातानं गारठा अडणार होता.

वेलीचं मला तेव्हा काही कळत नव्हतं. गारठ्याचं कळते. इटियाडोह धरणाचं पाणी मिळते म्हणून आम्ही उन्हाळी धान करतो, त्याचे पऱ्हे ह्याच थंडीत टाकावे लागतात. संध्याकाळी तणसानं झाकायचे, पहाटे भुशाचा धूर करायचा, विहिरीचं कोमट पाणी द्यायचं. पानवेल असो की धान, थंडी तर तीच. मी बैलबंडी जुंपली आन माझा तणसाचा ढीग तुझ्या बरजला आणून लावला. भिंत दुहेरी केली. तरी छपराखालून वारं यायचं. मग घरच्या वाकळी आणल्या.

दुपारी माझी बायको काठी घेऊन आली. तिच्या माहेरची वाकळ वेलीवर पाहून तिनं जो सूर लावला तो तलावापलीकडं गेला असेल. "जनावराचं तणस गेलं, आता मानसाची वाकळ! मानसं कुडकुडून राह्यले आन वेलीले वाकळ! पानाले सर्दी होते का?" तेवढ्यात शिबानी दारात येऊन उभी राहिली. बायकोनं तिच्याकडं पाहिलं. अंगावरची शाल काढली. "हे बी टाका तिकडं. वरून वारं येऊन राह्यलं." आन न सांगता ड्रमपाशी वाकून पाय धुवायला लागली.

रोज पहाटे आपण धूर करायचो आन दोघंही खोकायचो. तू म्हणाला, "डोमादा, इतना धुआँ लगेगा तो पान बिडी जैसा लगेगा." मी म्हटलं, "मंग मी खाईन." तू पटकन माझ्याकडं पाहिलं. मी भुसा सारखा करत बसलो.

शिबानीच्या हातात पानं आली ती तुझ्याच बरजची. एकाच्या कडेला काळा डाग होता, थंडीचा. बायकांनी जिभेनं तो तुमचा लग्नातला उलू-उलू आवाज काढला, पोरीनं पानं खाली केली, सगळे नवरा नवरीला पाहून राहिले. तू पानंच पाहून राहिला होता. मी तुला पाहून राहिलो होतो. एवढा सुखी माणूस मी त्याच्या आधी पाहिला नाही आन नंतरही नाही.

मग तू ताटली घेऊन आला. नवऱ्याच्या बापाकडं न जाता माझ्याकडं आला. म्हणाला, "पहले डोमादा." सगळा मांडव पाहून राहिला. तू दोन्ही हात पुढं केले. मी ताटलीला हात लावला आन मागं सारली.

"आज भी नहीं?"

"नाई."

"मेरी बेटी की शादी में भी नहीं?"

मी उठलो आन घरी निघून आलो. माझ्या वाटचं पान त्या दिवशी माझ्या बायकोनंही खाल्लं नाही.

मला वाटलं, संपलं. सकाळी तू धुऱ्यावर आला तेव्हा मी उत्तर तयार ठेवलं होतं. तू काही विचारलं नाही. माझ्याजवळ बसला. माझ्या हातातली बिडी घेतली, जी तू कधी ओढली नव्हती, ओढली आन डोळ्यात पाणी येईपर्यंत खोकला. मग कमरेच्या गमछातून एक पान काढलं, दोन्ही हातात धरलं.

"एक पान, डोमादा."

रोजच्यासारखंच. जसं काल काही झालंच नाही.

"नाई."

"ठीक है." आपल्या तोंडात टाकलं आन कामाला गेला.

मी चुकलो होतो असं मी म्हणणार नाही, आन तू कधी म्हणायला लावलं नाही. माझ्या आयुष्यात माझ्यावर रागावून गेलेले पुष्कळ झाले. रागावून दुसऱ्या दिवशी तेच पान घेऊन परत आलेला तू एकटा.

आता ते सांगतो.

मी लहान होतो. मालगुजाराच्या घरी लग्न होतं, ह्याच मालकाच्या आजाच्या घरी. माझ्या बापानं मांडवाचे खांब आणले होते, जंगलातून, खांद्यावर. जेवणं झाली, पानसुपारी निघाली. सगळ्यांना हातात दिली. आमच्या लोकांना पायरीखाली उभं केलं, शेला पसरायला सांगितला आन वरून टाकली. बापाचं पान शेल्यात पडलं नाही. मातीत पडलं. बापानं ते उचललं, धोतराला पुसलं, तोंडात टाकलं आन माझ्याकडं पाहून हसला. मी पाहिलं हे त्याला कळलं होतं, म्हणून हसला. पान पडलं त्याचं मला एवढं लागलं नाही. ते हसणं लागलं. मी तेव्हाच ठरवलं, पान खायचं नाही, कोणाचंच. पुढं दीक्षा झाली, बापानंही असल्या पायऱ्यांखाली उभं राहणं सोडलं. तो गेला. मी माझं ठरवलेलं धरून राहिलो.

तुला हे काऊन सांगितलं नाही? लाज वाटली म्हणून नाही. लाज ज्यानं वरून टाकलं त्याची. मी सांगितलं असतं तर तू समजला असता. तुमच्या लोकांनाही तिकडं, पूर्व बंगालात, कोणी पाटावर बसवत नव्हतं, हे तू मला एकदा सांगितलं होतं. तू समजला असता आन समजून पान पुढं करणं बंद केलं असतं. तू तसा माणूस. मला ते बंद व्हायला नको होतं.

मला पान नको होतं, निताई. मला ते दोन हात पाहिजे होते. नाही म्हणायचं तर आधी कोणी हातात द्यावं लागते. माझ्या बापाला एकदा मिळालं नाही ते तू मला एवढ्या वेळा दिलं की मी मनाला येईल तेव्हा नाही म्हणू शकलो. हे ऐश्वर्य आहे. मालकाकडंही नसेल. ते मी तुझ्या ओट्यावर बसून भोगलं, ह्याबद्दल तुझे उपकार. उपकार हा शब्द मी कोणासाठी वापरत नाही, तुला माहीत आहे.

ह्या पोषात तू खाटेवर पडला. खोकला छातीत बसला. मी आलो की डोळे न उघडता विचारायचा.

"वाऱ्याकडची भिंत?"

"लावलं तणस."

"ड्रम?"

"भरला."

"पैर?"

"धुतले ना बाप्पा!"

"बोटाच्या मधात?"

तेच तुझं शेवटचं, माझ्याशी. दुसऱ्या कोणाच्या नशिबात शेवटी काय काय बोलणं येते. माझ्या नशिबात हे आलं आन मला ते पुरलं.

तलावाच्या काठावर तुला ठेवलं. जावई अग्नी देणार, त्याच्या आधी मी थांबवलं. बरजमधून एक पान खुडून आणलं होतं, चांगलं, डाग नसलेलं. ते धुतलं. दोन्ही हातात धरून तुझ्या हातात ठेवलं. म्हटलं, एक पान, निताई. तूही खाल्लं नाही. फिट्टंफाट.

जावई एकटाच पुढं निघून आला होता; शिबानी दुसऱ्या दिवशी गावाहून आली ती रडत सरळ बरजकडं. चपला चिखलानं भरलेल्या. मी दारातच होतो. तोंडातून निघून गेलं, "बाई, पाय."

"काका!" ती म्हणाली. "बाबा गेले, आन तुम्ही पाय धुवा म्हणता?" मग ड्रमपाशी खाली बसली आन रडतच हसायला लागली. मीही जरा बसलो.

आत गेलो तर वेली छपराला लागलेल्या. ती म्हणाली, "काका, आता हे मोडायचं का? आई एकटी. मी सासरी. कोण पाहणार?"

मी म्हटलं, "मोडाले मी का मेलो का?"

थंडी सरली की वेली उतरवायच्या आहेत. छपराला लागलेली वेल सोडवायची, खाली घ्यायची, बुडाशी वेटोळं करून मातीत दाबायची, मग ती तिथून नवी फुटते. हे तू दरवर्षी करायचा आन मी दरवर्षी म्हणायचो, चांगली चढलेली वेल कायले खाली ओढतो? आता मलाच ओढायची आहे. चुकलं तर शिव्या देऊ नको. पावसाळ्यात पाणी नाल्यातच काढीन. माझ्या बांधीत सोडणार नाही, माझ्याशी भांडायला कोण येणार?

तू नाहीस म्हणून आत चिखल घेऊन जाईन असं समजू नको. मी पाय धुवूनच आत जातो. बोटाच्या मधातही.

त्या दिवशी संध्याकाळी शिबानीनं ती पितळेची ताटली आणली. तुझ्यासारखंच पुसलं, चुना लावला, घडी घातली, दोन्ही हात पुढं केले. "एक पान, काका." मी म्हटलं, "नाई, बाई." तिनं ठेवून दिलं. काल परत आणलं. तिला कोणी शिकवलं नाही.

ती परवा सासरी जाणार. आपल्याच शाळेत शिकली, मराठी माझ्यापेक्षा चांगलं वाचते. हे लिहिलेलं मी उद्या सकाळी तिच्या हातात देणार आहे. ते वाचून ती थांबते की पुढं करते, ते मला पाहायचं आहे. तू थांबला असता असं मी एवढी वर्षं धरून चाललो, पण तुला विचारून कधी पाहिलं नाही. आता विचारून पाहतो.

कळूनही तिनं पुढं केलं तर घेईन, असं मी लिहून देत नाही. पण बायकोला सांगून ठेवलं आहे, उद्या माझ्या वाटच्या पानाले हात लावू नको.